मोठ्या टाकीतून छोटी टाकी भरू नका



हंगाम सुरू झाला की तोडणीच्या टोळ्या येतात आणि गोसीखुर्द परिसरात आपल्या बांधावर कोप्या पडतात. पूर्वी तीन दगडांची चूल असायची. आता कोपीत गॅसची छोटी टाकी दिसते. सोय झाली, चांगलेच झाले. पण ती टाकी भरण्याची रीत मात्र जिवावर बेतणारी आहे. मोठे सिलिंडर उलटे करायचे, नळी लावायची आणि छोटी टाकी भरून घ्यायची! शेजारधर्म म्हणून आपणही कधी घरचे सिलिंडर देतो. ते का देऊ नये?

सिलिंडरमध्ये प्रोपेन व ब्युटेन हे वायू दाबाखाली पातळ करून भरलेले असतात. एक लिटर पातळ गॅस सांडला की त्याचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. तो हवेपेक्षा जड असतो. वर उडून न जाता पाटाच्या पाण्यासारखा सखल जागा धरतो. कोपीभोवती पाचट, जवळ चूल, कुणाच्या हातात विडी. पुढचे सांगायला नको.

दुसरे असे की, कंपनीच्या भरणा केंद्रावर टाकी वजन करून भरतात आणि वर थोडी जागा मोकळी सोडतात. उन्हाने पातळ गॅस फुगतो, त्याला ती जागा लागते. घरी भरताना हे माप कोण बघतो? काठोकाठ भरलेली टाकी आपल्याकडच्या उन्हात फुटू शकते. २००० सालच्या केंद्रीय आदेशाने असे भरणे मना आहे. घरगुती सिलिंडर पाण्याच्या इंजिनाला लावणेही मनाच. कंपनीचे ५ किलोचे सिलिंडर ओळखपत्र दाखवून वितरकाकडे मिळते. टोळीला तेच घ्यायला सांगावे.

सिलिंडर बदलताना

१. चूल, दिवा, विडी आधी विझवा. सिलिंडर उभेच ठेवा. आडवे पडले तर पातळ गॅस बाहेर येतो.
२. तोंडातील रबरी वायसर जागेवर आहे ना, ते पाहा.
३. जोडावर साबणाचे पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून कधीही पाहू नका.
४. कड्याजवळ तपासणीची मुदत लिहिलेली असते. ‘ए’ म्हणजे जानेवारी ते मार्च, ‘बी’, ‘सी’, ‘डी’ म्हणजे पुढचे तीन-तीन महिने, पुढे वर्ष. मुदत संपलेली टाकी परत करा.

बिघाड झाल्यास

ज्योत पिवळी, भांडी काळी : बर्नर गार झाल्यावर धुऊन भोके मोकळी करा.
ज्योत बारीक : नळी दुमडली आहे का ते पाहा. थंडीत टाकी संपत आल्यावरही असे होते. टाकीवर उकळते पाणी ओतू नका, जाळाजवळ नेऊ नका.
वास आला : रेग्युलेटर बंद करा, दारे उघडा. विजेचे बटण चालू-बंद करू नका. माणसे बाहेर काढा आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवा.

टोळी आपल्या शेतावर आहे तोवर तिची काळजीही आपलीच. कोयता लागण्याआधी मुकादमाला बसवून एवढे समजावून सांगावे, ही विनंती.