बारा, बारा, बारा

डॅशबोर्डखाली बारा खाचांचं एक सॉकेट असे. त्यातल्या ‘ए’ आणि ‘बी’ या शेजारच्या दोन खाचा वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडायच्या, चावी ‘ऑन’पर्यंत फिरवायची, इंजिन मात्र चालू करायचं नाही. ‘चेक इंजिन’चा दिवा एकदा लुकलुके, थांबे, मग दोनदा लुकलुके. बारा. असं तीन वेळा. जनरल मोटर्सच्या १९८१पासूनच्या अमेरिकी गाड्या बरीच वर्षं अशाच बोलत. बारा म्हणजे गाडीतला संगणक जागा आहे आणि डिस्ट्रिब्युटरकडून त्याला स्पंद मिळत नाहीत. इंजिनच बंद, तेव्हा मिळणार तरी कसे? त्यानंतर साठवलेले दोष, प्रत्येक तीनदा, आणि शेवटी पुन्हा बारा. कागद-पेन्सिल घेऊन बसणाऱ्या कुणालाही हे मोजता येई.

या सगळ्याचं मूळ लॉस एंजेलिसच्या धुरक्यात आहे. गाड्यांच्या धुरातले घटक उन्हात एकमेकांशी अभिक्रिया करून ते धुरकं बनवतात, हे कॅलटेकच्या आरी हागेन-स्मिट यांनी १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवलं. पुढे तीन प्रदूषकांवर एकदम काम करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. त्याला हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ला १च्या अगदी जवळ लागतं. ते सतत सांभाळणं साध्या कार्ब्युरेटरला जमणारं नव्हतं, म्हणून सायलेन्सरच्या पाइपात ऑक्सिजन सेन्सर बसला आणि गाडीत त्याचं ऐकणारा संगणक आला. सेन्सर बिघडला तरी गाडी चालत राहते. मालकाला पत्ता लागत नाही, धूर मात्र वाढतो. तो पत्ता लागावा म्हणून दिवा. कॅलिफोर्नियाने १९८८च्या मॉडेलांपासून ही स्वतःची तपासणी सक्तीची केली.

प्रत्येक कंपनीची तऱ्हा मात्र वेगळी. फोर्डला काट्याचा व्होल्टमीटर लावून काट्याचे झोके मोजायचे. तिथे आकडे दाखवणारा मीटर फारसा कामाचा नव्हता. क्रायस्लरमध्ये चावी पटापट ऑन-ऑफ-ऑन-ऑफ-ऑन केली की दिवा बोलू लागे. होंडाच्या काही गाड्यांत शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचलून संगणकाच्या डब्यावरचा बारीक लाल दिवा बघावा लागे.

माझ्या मते या पद्धतीचं खरं मोल स्वस्ताईत नाही. आकडा अपुरा होता, म्हणून माणसाला विचार करावा लागे. जनरल मोटर्सचा १५ नंबर घ्या: इंजिनचं पाणी फारच थंड असल्याचा संकेत. हा सेन्सर तापला की त्याचा रोध घटतो, त्यामुळे तुटलेली वायर संगणकाला कडाक्याच्या थंडीसारखी दिसते आणि तो पेट्रोल वाढवतो. गाडी काळा धूर सोडते, अ‍ॅव्हरेज पडतं. आता दोष सेन्सरचा की वायरचा? सेन्सरचा प्लग काढायचा, वायरच्या बाजूची दोन टोकं पेपरक्लिपने जोडायची. इंजिन थोडा वेळ चालवून कोड पुन्हा वाचल्यावर १४, म्हणजे ‘फारच गरम’, आला तर वायर आणि संगणक दोन्ही ठीक, सेन्सर बदला. नाही आला, तर वायर शोधा. या तपासणीला एक पैसा लागत नाही.

४४ नंबरनेही असंच अनेकांना चकवलं. तो सांगतो की धुरात ऑक्सिजन जास्त आहे. घाईत लोक ऑक्सिजन सेन्सर बदलत. पण इनटेककडे व्हॅक्यूमची नळी चिरली असेल, पेट्रोलचा दाब कमी असेल, किंवा सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला भेग पडून बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तरी हाच आकडा येतो. तेव्हा सेन्सर खरं तेच सांगत असतो आणि शिक्षा त्यालाच होते. कोड भागाचं नाव सांगत नाही, कुठल्या वाटेवर बघायचं ते सांगतो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१९९६पासून अमेरिकेत ‘ओबीडी-२’ या नावाने सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि सगळ्यांची एकच कोडभाषा सक्तीची झाली. उपकार मोठाच. पण त्या भाषेतला पी०१७१ हा कोडही एवढंच सांगतो: ‘मिश्रण फार पातळ’. शोधायचं काम तेव्हाही संपलं नाही. त्या सॉकेटच्या एका पिनेत बॅटरीचा थेट करंट असतो, म्हणून तिथे पेपरक्लिप घालू नये.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या आदेशाने दिल्ली परिसरात धुराची युरो मानकं आधी लागू झाली आणि साध्या कार्ब्युरेटरचे दिवस भरले. मारुती ८००लाही एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारं, इंजिन मिळालं. ओबीडी-२ मात्र १ एप्रिल २०१३ला सक्तीचं झालं. मधल्या काळातल्या कित्येक गाड्यांना संगणक आहे, पण सगळ्यांना मिळून एक भाषा नाही. अशी गाडी मिसिंग करू लागली की आधी बॅटरीचा व्होल्टेज आणि अर्थिंग बघावं, मग त्याच मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलातली जोडणी. कोड लिहून घेतल्याशिवाय बॅटरी काढू नये. बऱ्याच जुन्या गाड्यांत तेवढ्याने साठवलेलं सगळं पुसलं जातं.