हिरडीतून रक्त येते तेव्हा

दात ठणकू लागला की माणूस अर्ध्या रात्री लवंग शोधतो आणि सकाळी डॉक्टरांचे दार गाठतो. हिरडी बिचारी बहुधा दुखत नाही. ती लाल होते, फुगते, ब्रश लागला की रक्त येते, एवढेच. आमच्या वसतिगृहाच्या नळावर फेसाबरोबर रक्त थुंकणारे पुष्कळ आहेत. 'रक्त येतं, म्हणून मी ब्रशच बंद केलाय,' असे सांगणारेही आहेत. धारवाडकडचा माझा खोलीमित्र हिरडीला 'वसडु' म्हणतो. शब्द वेगळा असला तरी समजूत मात्र तीच. माझे म्हणणे असे की, ही समजूत नेमकी उलटी आहे.

निरोगी हिरडी फिकट गुलाबी व घट्ट असते. (आपल्याकडे पुष्कळांच्या हिरडीवर काळसर डाग असतात, तो रंग जन्मजात, रोग नव्हे.) दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या कडेला जंतूंचा चिकट थर रोज साचतो. त्यांना तोंड देण्यासाठी शरीर तिकडे जास्त रक्त धाडते, बारीक रक्तवाहिन्या फुगतात, आतली त्वचा नाजूक होते. मग ब्रशचा नुसता स्पर्शही पुरतो. म्हणजे दोष ब्रशचा नव्हे, साचलेल्या थराचा.

याचा पुरावा १९६५ साली प्रसिद्ध झाला. डेन्मार्कमध्ये हॅराल्ड लोए व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे बंद करायला लावले. त्यांत बहुतेक विद्यार्थीच होते! १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू करताच साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. औषध कोणतेच नव्हते.

तेव्हा रक्त आले तरी घासावे, पण रगडू नये. मऊ ब्रश हिरडीच्या कडेकडे तिरका धरून हळू फिरवावा, दिवसातून दोनदा, दोन मिनिटे. दातांच्या फटीही साफ कराव्यात. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांनी बरे वाटते, पण थर निघत नाही. थराचे कीटण झाले असेल तर ते दंतवैद्यानेच काढायचे. त्याने दात हलतात ही भीती खोटी. कीटण निघाल्यावर त्याखालची फट उघडी पडते, इतकेच.

खानापूरकडची माझी आत्या आयुष्यभर मिश्री लावत आली. तिच्या दातांना कीड नाही, तरी एकेक हलून पडले. हिरडीची सूज आत उतरली की दात धरून ठेवणारे हाड झिजते आणि ते सहसा परत भरून येत नाही. तंबाखूची आणखी एक खोड अशी की, तिने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी येते, आणि आजार वाढत असताना हिरडी बरी दिसते.

नीट घासूनही दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही, पू आला किंवा दात हलू लागला तर दवाखान्यात जावे. घरात मधुमेही किंवा गरोदर बाई असेल तर तिने इतकीही वाट पाहू नये.