कापसाची धूळ: एकाच जिनिंगमध्ये एकालाच दम का लागतो?

जिनिंगमध्ये दोन मजूर शेजारी उभे राहून हंगामभर काम करतात. एकाला दम लागतो, दुसऱ्याला काही होत नाही. मग 'त्याच्या घराण्यातच दमा आहे' असे म्हणून विषय संपतो. यात थोडे तथ्य आहे, पण तेवढ्यावर थांबणे महागात पडते.

आधी धूळ समजून घ्या. त्रास रुईच्या तंतूने होत नाही. बोंडाभोवतीच्या वाळक्या पानांचा चुरा आणि त्यावरील जिवाणूंचे एंडोटॉक्सिन हे विष यांना मुख्यतः कारण मानले जाते. त्यातून होणाऱ्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. मुंबईच्या गिरणगावातही कार्डिंग खात्यात धूळ सर्वांत जास्त असे. आजाराची खूण विचित्र आहे: सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, पुढे उतार पडतो. म्हणूनच माणूस दुर्लक्ष करतो. वर्षानुवर्षे हेच चालले, तर फुप्फुसांची ताकद कायमची घटते.

आता अनुवंशाचे. शांघायच्या सूतगिरणी कामगारांची १९८१पासून दीर्घकाळ तपासणी झाली. शरीरातील दाह वाढवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाच्या जनुकातील फरकांनुसार एंडोटॉक्सिनचा परिणाम कमी-जास्त होतो, असे त्यात दिसले. वाणाची रोगप्रतिकारशक्ती तुम्हाला माहीत आहेच. बळी पडणारा वाणही रोगकारक नसेल तर आजारी पडत नाही. इथेही तसेच: धूळ नसेल, तर जनुक एकटे बिसिनोसिस घडवत नाही.

म्हणून 'नाजूक छातीचा' माणूस कामावरून काढणे हा उपाय नव्हे. त्याचा खोकला हा पहिला इशारा समजा. बाकीचेही तीच धूळ ओढत असतात.

वेचणी दव सुकल्यावर करा, पालापाचोळा येऊ देऊ नका, कापूस कोरडा साठवा. जिनिंगमध्ये धूळ शोषणारी यंत्रणा हवी. एन-९५ मास्क हा तिला पर्याय नाही. ओल्या रुमालाने तर बारीक धूळ अडतच नाही. बिडी ओढणाऱ्याचे नुकसान अधिक होते.

विस्तार कार्यकर्त्यांनी मजुराला नुसते 'खोकला आहे का?' विचारू नये. 'सुट्टीनंतर पहिल्या दिवशी जास्त होतो का?' असे विचारावे. उत्तर 'हो' आले तर पाळीच्या आधी व नंतर स्पायरोमेट्री करून घ्यावी. बिसिनोसिस हा कायद्याच्या अनुसूचीतील आजार आहे. निदान झाल्यास कारखान्याने आणि डॉक्टरनेही तो कळवणे बंधनकारक आहे.