धारित्र-ध्वनिग्राहकातील रोधकांची निवड : वटारच्या दमट हवेचा विचार

वसई तालुक्यातील वटार हे गाव अरबी समुद्राच्या किनाऱ्यालगत वसलेले आहे. वसई परिसरातील सामवेदी, म्हणजेच कादोडी, बोलीचे ध्वनिमुद्रण करण्यासाठी अशा गावी जाणाऱ्या अभ्यासकास निर्वात नलिकेचा ध्वनिग्राहक स्वतः बांधावयाचा असेल, तर सर्वांत काळजीपूर्वक विचार करावयाचा तो त्यातील रोधकांचा. वयोवृद्ध निवेदकाच्या तोंडून एखादी कहाणी पुष्कळदा एकदाच ऐकावयास मिळते. तिच्यातील क्षीण उच्छ्वास व घर्षक वर्ण खरखरीत बुडाले, तर ते पुढे खात्रीने परत मिळविता येत नाहीत.

ई. सी. वेंट यांनी १९१७ साली वर्णन केलेल्या या उपकरणाचे तत्त्व सोपे आहे. ताणलेले पटल व त्यामागील स्थिर पट्टिका मिळून एक धारित्र बनते. त्यासच व्यवहारात कॅप्सूल म्हणतात. पट्टिकेस सुमारे ६० व्होल्टांचा दाब देऊन विद्युत्भार स्थिर राखला, की पटलाच्या कंपनाबरोबर दाब कमीजास्त होतो. कॅप्सूलची धारिता ६० पिकोफॅरड धरल्यास २० हर्ट्झ कंप्रतेला तिची अवरोधिता १३ कोटी ओहमांहून अधिक भरते. म्हणून नलिकेच्या ग्रिडशी जोडावयाचा रोधक याहूनही मोठा असावा लागतो, हे ओघानेच येते.

येथे विद्यार्थ्यांचा एक गैरसमज वारंवार आढळतो. जॉन्सन व नायक्विस्ट यांनी १९२८ मध्ये दाखविल्याप्रमाणे रोध वाढला की त्याची औष्णिक खरखर वाढते. तेव्हा लहान रोधक अधिक शांत असावा, असे वाटते. वस्तुतः येथे उलट घडते. रोधकास समांतर असलेली धारिता त्याची खरखर उच्च कंप्रतांना गिळून टाकते. एकूण खरखर ६० पिकोफॅरडांस सुमारे ८.३ मायक्रोव्होल्ट इतकीच राहते, मग रोध कितीही असो. मोठा रोधक तिचा बहुतेक भाग श्राव्य मर्यादेखाली ढकलतो, एवढाच फरक. २० हर्ट्झच्या वर उरणारी खरखर १०० मेगओहमांस ६.४, २५० मेगओहमांस ४.६ आणि १,००० मेगओहमांस २.४ मायक्रोव्होल्ट इतकी येते. शिवाय १०० मेगओहमांनी २६ हर्ट्झपाशीच संदेश ३ डेसिबेलांनी घटतो.

मग १,००० मेगओहमच का घेऊ नये? प्रयोगशाळेच्या कोरड्या खोलीत अवश्य घ्यावा. वटारला मात्र पावसाळी हवा व तिच्यातील क्षार कॅप्सूलच्या आधारावर, पट्टीवर, बोटांच्या ठशांवर ओलसर थर धरतात. असा थर १,००० मेगओहमांचा गळतीमार्ग बनला, तर तेवढ्याच रोधकातून आलेला ६० व्होल्टांचा दाब पट्टिकेवर ३० व्होल्ट होतो व संवेदनशीलता ६ डेसिबेलांनी घटते. ५०० मेगओहमांच्या रोधकाने तो ४० व्होल्ट राहतो. त्याहून त्रासदायक म्हणजे ही गळती स्थिर नसते. ती चरचरते, आणि मुद्रणातील चरचर खरखरीहून अधिक जाचक होते. वटारसाठी ध्रुवणाचा रोधक ५०० मेगओहम व ग्रिडचा रोधक ५०० मेगओहम ही जोडी युक्त वाटते. संदेशाच्या दृष्टीने दोन्ही समांतर असल्याने त्यांचा मेळ २५० मेगओहम होतो. १,००० मेगओहमांच्या तुलनेत येणारी जादा खरखर वस्तीतल्या घरातील मुद्रणात सहसा जाणवू नये.

या दोहोंमधील १,००० पिकोफॅरडांचे जोड-धारित्र पॉलिस्टायरीनचेच असावे. त्याची गळती १०० गिगओहम, म्हणजे बरीच चांगली, असली तरी ६० व्होल्टांमुळे ०.६ नॅनोॲम्पियर प्रवाह वाहतो आणि ग्रिडवर ०.३ व्होल्ट उभे राहतात.

हा आकडा नगण्य नाही, हे नलिकेकडे पाहिल्यावर कळते. ईसीसी ८३ या परिचित नलिकेस २५० व्होल्टांचा पुरवठा, धनाग्रावर १०० किलोओहम व ऋणाग्राखाली १.५ किलोओहम दिल्यास ०.८६ मिलिॲम्पियर प्रवाह व सुमारे ५४ पट वर्धन मिळते. ऋणाग्र १.३ व्होल्टांवर स्थिरावते. तीच ग्रिडची ऋण-अभिनती. तिच्यातून ०.३ व्होल्ट गेले तर कार्यबिंदू सरकतो. नलिकेच्या स्वतःच्या ग्रिड-प्रवाहाचेही तेच. निर्माते ग्रिड-रोधकास काही मेगओहमांची मर्यादा घालतात, ती यामुळेच. ती ओलांडावयाची तर नलिका निवडून घ्यावी लागते. जोड-धारित्र सोडवून ग्रिड-रोधक क्षणभर तारेने जोडावा व ऋणाग्राचा दाब पाहावा. तार काढल्यावर तो ०.१ व्होल्टाने सरकला, तर ग्रिड सुमारे ०.२ व्होल्टाने सरकली, म्हणजे प्रवाह ०.४ नॅनोॲम्पियर आहे; अशी नलिका बाजूस ठेवावी. १९४९ च्या नॉयमान यू ४७ मध्ये ५५ व्होल्टांच्या व्हीएफ १४ नलिकेचा हीटर सुमारे ३६ व्होल्टांवर चालवीत. हीटर असा मंद ठेवल्यानेही ग्रिड-प्रवाह कमी होतो.

ऋणाग्राच्या रोधकास समांतर ४७ मायक्रोफॅरड पुरतात. तथापि ५४ पट वर्धनाची किंमत मोजावी लागते. ग्रिड व धनाग्र यांमधील १.६ पिकोफॅरड धारिता मिलर परिणामाने सुमारे ९० पिकोफॅरड होऊन कॅप्सूलवर पडते, आणि संदेश ०.४ पट उरतो. ग्रिड-रोधकाची खरखरही त्याच प्रमाणात घटते. नलिकेची स्वतःची खरखर मात्र घटत नाही. यास्तव कमी वर्धनाची नलिका अधिक चांगली; एकेजी सी १२ मध्ये ६०७२ होती. ईसीसी ८३ च वापरावयाची असल्यास ४७ मायक्रोफॅरडांचे धारित्र काढून टाकावे; वर्धन सुमारे ३१ वर येते व मिलर धारिताही घटते.

धनाग्राच्या रोधकात केवळ ७४ मिलिवॅट जिरतात. तरी कार्बन-मिश्रणाचा रोधक टाळावा. प्रवाह वाहताना तो जादा खरखर करतो. धातुपटलाचा अर्ध्या वॅटचा उत्तम.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर १० मेगओहमांपर्यंतचे रोधक सहज मिळतात, पुढचे मागवावे लागतात. मोठे रोधक व ग्रिडचे टोक पट्टीवर न टेकवता टेफ्लॉनच्या खुंट्यांवर हवेत जोडावे; डाख दिल्यावर उरलेला फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवावा व त्यानंतर बोट लावू नये. मुद्रणापूर्वी तासभर नलिका पेटती ठेवावी, तिच्या उष्णतेने आतील भाग कोरडा होतो. नंतर कॅप्सूल सिलिका जेलसह बंद डब्यात ठेवावी. डबा उघडण्याआधी पुरवठा बंद करून मोठी धारित्रे रिकामी करावी, कारण २५० व्होल्ट प्राणघातक ठरू शकतात.