डोमेन कोणाच्या नावावर?

वसईची सुकेळी विकणारा असो की वालीवचा कारखानदार, वेबसाइट करून घेताना तो आधी रंगसंगती आणि दर विचारतो. माझ्या मते पहिला प्रश्न डोमेनचा, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचा हवा. डोमेन एका वेळी जास्तीत जास्त 10 वर्षांसाठी नोंदवता येतं आणि नूतनीकरणाची सूचना नोंदीतल्या ईमेलवर जाते. तो ईमेल डिझायनरचा असला आणि त्याने धंदा बंद केला, तर दुकानाची पाटीच हातची जाते. ‘आपल्याला यातलं कळत नाही, तोच बघेल’ हे समजण्यासारखं आहे. पण गाळ्याचा करार कुणी रंगाऱ्याच्या नावावर करत नाही. व्हॉट्सअ‍ॅप असताना वेबसाइट हवीच कशाला, असंही कुणी म्हणेल. व्हॉट्सअ‍ॅप ओळखीच्या गिऱ्हाइकाला पुरतं, पुण्यात बसून सुकेळी शोधणारा मात्र गूगलवरच येतो. म्हणून डोमेन आणि होस्टिंगचं खातं स्वतःच्या नावावर काढा, मगच डिझायनरला आगाऊ रक्कम द्या.