मक्याचे घरचे बियाणे: निवड उभ्या पिकातच

कुंभकोणमलगत आडुतुरै येथे १९२२ मध्ये स्थापन झालेल्या भात संशोधन केंद्राने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला ‘एडीटी’ मालिकेतील वाण दिले. भात स्वपरागित असल्याने घरचे बियाणे राखणे तुलनेने सोपे असते. भातानंतर मका घेणाऱ्या अल्पभूधारकाला मात्र हा अनुभव पुरत नाही. मक्याचे पराग वाऱ्याबरोबर शेजारच्या शेतातूनही येतात.

संकरित मक्याचे उत्पादन अधिक असते. परंतु त्याचेच दाणे पुन्हा पेरल्यास जोम घटतो, म्हणून बियाणे दरवर्षी विकत घ्यावे लागते. भारतात १९६१ मध्ये पहिले संकरित वाण आले, तर १९६७ मध्ये ‘विजय’, ‘किसान’, ‘अंबर’ हे संमिश्र वाण प्रसारित झाले. मुक्त परागीकरणाच्या अशा वाणांचे बियाणे काळजीपूर्वक निवडल्यास काही हंगाम वापरता येते.

ही निवड खळ्यावरील ढिगातून करू नये. तेथे कणसाचा आकार दिसतो, झाडाचा गुण दिसत नाही. शेताच्या मध्यभागातील, दाट पिकातही जोमदार असलेल्या निरोगी झाडांवर खूण करावी. मोजक्याच कणसांचे बी घेतल्यास अंतःप्रजननाने पीक खुजे होते. म्हणून शंभराहून अधिक कणसांचे दाणे एकत्र करावेत. प्रमाणित बियाण्यासाठी इतर मक्यापासून २०० मीटर विलगीकरण अंतर आवश्यक असते.

वाणांची तुलना स्थानिक वाणासोबत, शेतकऱ्याच्या नेहमीच्या खतमात्रेत आणि एकाहून अधिक हंगामांत करावी. संशोधन प्रक्षेत्रावर अव्वल ठरलेला वाण कोरडवाहू तुकड्यावरही अव्वल ठरेलच असे नाही.