विश्लेषण : मुलाला पाळीव ससा प्रदर्शनात न्यायचाय? बक्षिसाआधी पाहा हात, हवा आणि प्रवास

परदेशातील ससा-प्रदर्शनांचे व्हिडीओ मोबाइलवर पाहिले की घरात ससा असलेल्या मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘आपलाही ससा स्पर्धेत नेऊया का?’ देवगडसारख्या उष्ण आणि दमट किनाऱ्यावर या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असू शकते. मात्र तयारी सशाला सजवण्याची नाही, मुलाला शिकवण्याची करावी लागते. ती कशी करायची, याविषयी...

ससा-प्रदर्शनात नेमके काय पाहतात?

ब्रिटन आणि अमेरिकेत हा जुना छंद आहे. अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशनची स्थापना १९१० मध्ये, तर ब्रिटिश रॅबिट कौन्सिलची १९३४ मध्ये झाली. प्रत्येक जातीसाठी वजन, अंगाची ठेवण, केस, कान आणि रंग यांचे निकष ठरलेले असतात. परीक्षक ससा टेबलावर घेऊन त्या निकषांनुसार तपासतात.

मुलांसाठी त्याहून महत्त्वाचा एक वेगळा प्रकार असतो, त्याला ‘शोमनशिप’ म्हणतात. यात गुण सशाला नव्हे, तर मुलाला मिळतात. ससा कसा उचलला, कसा तपासला, त्याचा आहार आणि आजार याबद्दल मुलाला काय माहीत आहे, हे पाहिले जाते. त्यामुळे साधा, कोणत्याही जातीचा नसलेला ससा असला तरी मूल चांगले गुण मिळवू शकते. १९०२ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतील ‘फोर-एच’ या मुलांच्या चळवळीत सर्वात लहान गटाला सहसा क्रमांक न देता सहभागाबद्दल कौतुक केले जाते. आपल्याकडेही सुरुवात अशीच व्हायला हवी.

आपल्याकडे संधी कुठे?

महाराष्ट्रात प्रदर्शनांची परंपरा मुख्यतः गाय, बैल, म्हैस, शेळी आणि कोंबडी यांची आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगाव यात्रेतील पशुप्रदर्शन राज्यभर परिचित आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांतील कृषी व पशुपक्षी प्रदर्शनांत ससेही ठेवलेले दिसतात, पण ते बहुतेकदा केवळ पाहण्यासाठी असतात. त्यामुळे नाव देण्यापूर्वी आयोजकांना चार प्रश्न विचारावेत : सशांसाठी वेगळा, सावलीचा कोपरा आहे का? शेजारी कुत्रे असतील का? ससा किती तास ठेवावा लागेल? जागेवर पशुवैद्यक असतील का? एकाही प्रश्नाचे उत्तर समाधानकारक नसेल तर नाव देऊ नये. तिकीट लावून प्राण्यांचे खेळ दाखवायचे असतील तर १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार नोंदणी लागते, हेही आयोजकांना माहीत असायला हवे.

कुणकेश्वरच्या जत्रेसारख्या गर्दीत मात्र ससा हौसेनेही नेऊ नये. ढोल, फटाके आणि अनोळखी हात यांना घाबरलेला ससा जोरात उसळतो.

मुलाला पहिल्यांदा काय शिकवायचे?

उचलणे नव्हे, बसणे. पाच-सहा वर्षांच्या मुलाने जमिनीवर मांडी घालून बसावे आणि सशाला आपणहून जवळ येऊ द्यावे. रोज दहा मिनिटे पुरतात. ससा घाबरेनासा झाला की मोठ्या माणसाने तो मुलाच्या मांडीवर ठेवावा.

उचलण्याचा नियम एकच : एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली आणि ससा आपल्या अंगाशी धरलेला. कान धरून कधीही उचलू नये. सशाचे मागचे पाय ताकदवान आणि हाडे नाजूक असतात. हवेत लटकलेल्या सशाने जोरात लाथ झाडली तर त्याचा कणा मोडू शकतो. म्हणून लहान मुलाने उभे राहून ससा उचलू नये. त्याला उताणा करून पोट दाखवण्याचे कामही मोठ्यांनीच करावे.

परीक्षकाची तपासणी घरी का करायची?

कारण तीच आजार ओळखण्याची पद्धत आहे. आठवड्यातून एकदा मुलाला याच क्रमाने तपासायला लावा :

• डोळे आणि नाक : चिकट पाणी येते का?
• कान : आत खपल्या आहेत का? असल्यास गोचिडीसारख्या सूक्ष्म किड्यांची शक्यता असते.
• दात : सशाचे दात आयुष्यभर वाढतात. ते वाकडे किंवा फार लांब नाहीत ना?
• नखे आणि तळवे : नखे वाढली आहेत का? तळव्यांचे केस जाऊन जखम झाली आहे का?
• शेपटीखाली : जागा ओली, घाण आहे का?

शेवटचा मुद्दा कोकणात पावसाळ्यात जिवावरचा ठरतो. ओल्या, घाण केसांत माश्या अंडी घालतात आणि अळ्या थेट कातडीत शिरतात. असे दिसले तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. अंगावर गोल, केस गेलेले चट्टे दिसले तर मुलाने हात लावू नये. तो नायटा असू शकतो आणि माणसालाही होतो.

देवगडची हवा किती अडचणीची?

सशाला साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवते. त्याला घाम येत नाही, अंगातील उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा ३० अंशांच्या वर गेला आणि हवेत दमटपणा असला की त्रास सुरू होतो. म्हणजे मार्च ते मे हे महिने प्रदर्शनासाठी बाद समजावेत.

एरवीही प्रवास हीच खरी कसोटी आहे. देवगडहून ओरोस किंवा कुडाळला जायचे तर वळणावळणांचा दीड-दोन तासांचा रस्ता आहे. पहाटे निघावे, हवा खेळती राहील असा पिंजरा घ्यावा, तळाशी गवत पसरावे आणि पाणी गोठवलेली बाटली फडक्यात गुंडाळून आत ठेवावी. बंद गाडीत ससा पाच मिनिटेही सोडू नये. जोरजोरात श्वास, ओले नाक आणि अंग सैल पडणे ही उष्माघाताची लक्षणे आहेत. अशा वेळी कान साध्या पाण्याने ओले करावेत, बर्फाचे पाणी ओतू नये आणि लगेच पशुवैद्यकांकडे जावे.

खायला काय द्यायचे?

गाजर नव्हे, गवत. आहाराचा मोठा भाग सुक्या, स्वच्छ गवताचा असावा. दात झिजतात आणि पोट चालू राहते ते त्यामुळेच. हापूसची एखादी लहान फोड चालेल, पण रोज नको.

देवगडकरांनी एक काळजी अधिक घ्यायला हवी. आंब्याला मोहोर आल्यापासून तुडतुडे आणि भुरी रोगासाठी फवारण्या सुरू होतात. त्या काळात कलमांखालचे गवत सशासाठी कापू नये. प्रदर्शनासाठी म्हणून आहार अचानक बदलू नये. सशाने १२ तास काही खाल्ले नाही किंवा लेंड्या टाकल्या नाहीत, तर ती तातडीची वेळ असते.

रानात सापडलेले पिल्लू पाळता येईल का?

नाही. आपल्या रानातला ससा ही वेगळी जात असून तिला १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. त्याला पकडणे, पाळणे गुन्हा आहे. गवतात एकटे दिसणारे पिल्लू बहुतेकदा अनाथ नसते, आई ठरावीक वेळी त्याला पाजायला येते. पाळीव ससा मूळच्या युरोपीय सशापासून आलेला आहे.

मग सुरुवात कशी करावी?

घरच्या पडवीत. टेबलावर गोणपाट अंथरावे, शेजारच्या काकूंना परीक्षक करावे आणि मुलाने ससा तपासून दाखवावा. शेवटी त्याला एकच प्रश्न विचारावा, ‘आज ससा न्यायचा की नाही?’ ससा सुस्त असेल, हवा तापली असेल आणि मूल ‘आज नको’ म्हणाले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. पाळीव ससा नीट सांभाळला तर आठ-दहा वर्षे जगतो. प्रदर्शन पुढच्या वर्षीही भरणार आहे.